एड थॉर्प: बानाख अवकाशातून वॉरंट-हेजकडे. काय छापलं, काय झाकून ठेवलं?

हातचा_एक (धागाकर्ता)

गणितज्ञ आणि शेअरबाजार हा विषय निघाला की गाडी थेट जिम सायमन्सवर (मेडॅलियन फंडवाला गणितज्ञ) जाते. पण सायमन्सने १९७८ मध्ये स्टोनी ब्रुकचं गणित बाजूला ठेवलं आणि मग पूर्णवेळ बाजारात उतरला. चर्न-सायमन्स सिद्धांताचा (त्याच्या भूमितीतल्या कामाचा) मेडॅलियन फंडाच्या सौद्यांशी काडीचा संबंध नाही. दोन्ही डगरींवर पाय ठेवून वर्षानुवर्षं उभा राहिलेला माणूस बघायचा तर एडवर्ड थॉर्प.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९५८ मध्ये यूसीएलएमधून गणितात पीएचडी, १९५९ ते ६१ एमआयटी, ६१ ते ६५ न्यू मेक्सिको स्टेट, आणि ६५ पासून १९८२ पर्यंत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत प्राध्यापक, आधी गणिताचा, पुढे वित्ताचाही. नोव्हेंबर १९६९ मध्ये जे रीगनबरोबर फंड काढला. रीगन न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनला बसून सौदे आणि गिऱ्हाइकं बघायचा, थॉर्प न्यूपोर्ट बीचला बसून गणित. नाव आधी कन्व्हर्टिबल हेज असोसिएट्स, १९७५ पासून प्रिन्स्टन न्यूपोर्ट पार्टनर्स. १९८८ अखेरपर्यंत गुंतवणूकदारांच्या हाती फी वजा जाता वर्षाला सरासरी १५.१ टक्के पडले, त्याच काळात एस अँड पी ५०० ने (अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) लाभांश धरून १०.२ टक्के दिले. म्हणजे १० लाख डॉलरचे एकीकडे सुमारे १ कोटी ४८ लाख, दुसरीकडे सुमारे ६४ लाख. एकही तिमाही तोट्यात नाही.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. थॉर्पने ब्लॅकजॅक (कॅसिनोतल्या पत्त्यांच्या डावात जिंकायची पद्धत) छापलं (१९६१ ला शोधनिबंध, १९६२ ला पुस्तक). वॉरंट-हेज (वॉरंट विकायचं आणि शेअर घ्यायचा, म्हणजे एकातला तोटा दुसऱ्यात भरून निघतो) छापलं (१९६७, शीन कॅसूफबरोबर). पण १९६७ च्या अखेरीस हाती आलेलं ऑप्शनच्या किमतीचं सूत्र मात्र छापलं नाही. ते १९७३ मध्ये ब्लॅक आणि शोल्सने सिद्धतेसह छापलं. ही निवड बरोबर होती का, आणि मुळात ही यंत्रणा चालायची कशी, यावर जाणकारांनी लिहावं. किस्से नकोत, आकडे हवेत.

त्रिज्या

छान विषय. एक दुरुस्ती आधीच सुचवते: थॉर्प म्हणजे 'पत्ते मोजणारा' असं समजून त्याचं शुद्ध गणित लोक विसरतात. प्रबंध नॉर्म्ड अवकाशांवरच्या कॉम्पॅक्ट रेषीय ऑपरेटरांवर, मार्गदर्शक अँगस टेलर. अर्व्हाइनला गेल्यावर रॉबर्ट व्हिटलीबरोबर १९६७ मध्ये त्याने एक सुरेख निकाल दिला. संमिश्र चलाच्या विश्लेषक फलनाचं मूल्य बानाख अवकाशात (जिथे सदिशांची लांबी, म्हणजे नॉर्म, मोजता येते) असेल, तर 'नॉर्म आतल्या बिंदूवर कमाल झाला की फलन स्थिर' हे नेहमी खरं नसतं. ते कधी खरं, याचं नेमकं उत्तर: एकक गोलाच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू संमिश्र अर्थाने टोकाचा बिंदू असेल तेव्हाच. गंमत अशी की एल-वन अवकाश नेहमीच्या, म्हणजे वास्तव अर्थाने काटेकोर बहिर्वक्र नाही, पण या संमिश्र अर्थाने आहे.

हे सांगायचं कारण, हा निबंध आणि वॉरंटचं पुस्तक एकाच वर्षातले आहेत. एक सोडून दुसरं धरलं असं झालेलं नाही.

मु_पो_डोंबिवली

वाचतोय. पण ब्लॅकजॅकमध्ये नवीन काय केलं ते जरा इस्कटून सांगा की. 'पत्ते लक्षात ठेवायचे' एवढंच असेल तर आमच्याकडे रमीत आज्ज्या करतात ते.

त्रिज्या

@मु_पो_डोंबिवली, आज्ज्या करतात ते थॉर्पच्या अगदी जवळचंच आहे, फक्त आकड्यांशिवाय. १९५६ मध्ये बॉल्डविन आणि तीन सहकाऱ्यांनी टेबलावरच्या आकडेमोड यंत्रांवर ब्लॅकजॅकची उत्तम खेळी काढली होती. कॅसिनोची सरशी एक टक्क्याच्याही खाली येते, असा त्यांचा निष्कर्ष. पण त्यांनी दर डावाला पूर्ण कॅट गृहीत धरला.

थॉर्पचा मुद्दा असा की न पिसता दुसरा डाव वाटला तर तो उरलेल्या पत्त्यांतून वाटला जातो, म्हणून सरशी डावागणिक हलते. मग एमआयटीच्या आयबीएम ७०४ वर फोरट्रानमध्ये त्याने वेगवेगळे पत्ते काढून टाकलेल्या कॅटांसाठी सरशी काढली. चारही पंज्या गेल्या तर खेळाडूची सरशी तीन टक्क्यांच्या वर जाते. चारही एक्के गेले तर कॅसिनोची चांदी. पुस्तकातली मुख्य पद्धत दश्श्या मोजायची: पूर्ण कॅटात दहाच्या किमतीचे पत्ते १६, बाकीचे ३६, गुणोत्तर २.२५. खेळता खेळता ते २ वर आलं की खेळाडूची सरशी साधारण एक टक्का. तेव्हा मोठी पैज, एरवी किमान.

शोधनिबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. तिथे निबंध पाठवायला अकादमीचा सदस्य लागायचा, तो सदस्य क्लॉड शॅनन. शॅननने शीर्षकातला भडकपणा काढायला लावला, आणि जाता जाता केलीचा (पैज केवढी लावायची यावरचा) १९५६ चा निबंध वाच म्हणून सांगितलं. हा दुसरा सल्ला पहिल्यापेक्षा कितीतरी महाग होता.

उणे_अधिक

आता वॉरंट. वॉरंट म्हणजे कंपनीने स्वतः दिलेला दीर्घ मुदतीचा कॉल ऑप्शन, म्हणजे ठरल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क. १९६० च्या दशकात अमेरिकेत ऑप्शनचा संघटित बाजारच नव्हता (शिकागोचा २६ एप्रिल १९७३ ला उघडला, तोही १६ शेअरांच्या कॉलनिशी), म्हणून वॉरंट हाच कच्चा माल. मुदत संपत आलेली वॉरंटं लोक लॉटरीच्या तिकिटासारखी महाग घ्यायचे. कॅसूफने यावर आधीच काम केलं होतं. दोघं १९६५ मध्ये अर्व्हाइनला भेटले.

आकड्यांत बघा (आकडे समजावण्यापुरते). शेअर २० डॉलर, वॉरंटने शेअर घ्यायचा भाव २० डॉलर, मुदत दीड वर्ष, वॉरंटचा बाजारभाव ७ डॉलर. २०० वॉरंटं शॉर्ट करा (उधार घेऊन विका), १०० शेअर घ्या. मुदतीअखेर:

शेअर २० वरच राहिला तर वॉरंट कागद. २०० × ७ = १४०० नफा.
शेअर शून्यावर गेला तर शेअरांत २००० गेले, वॉरंटांत १४०० मिळाले. तोटा ६००.
खालचा ना-नफा-ना-तोटा बिंदू ६ डॉलर, वरचा ३४ डॉलर.

म्हणजे शेअर ७० टक्के पडो किंवा ७० टक्के चढो, त्या पट्ट्यात तुम्ही नफ्यात. शेअर कुठे जाणार यावर मत लागत नाही.

घासाघीस

कागदावर सगळंच गोड. प्रत्यक्षात हे कुठे फसतं तेही लिहा.

एक: शेअर मुदतीआधीच ४० वर गेला तर? वॉरंट शॉर्ट असल्यामुळे ब्रोकर रोज मार्जिन (अनामत) मागणार. मुदतीअखेर परत २५ वर येईल हे खरं ठरलं तरी तोवर तुम्ही टिकायला हवं.
दोन: वॉरंट उधार घेतलेलं असतं. देणाऱ्याने परत मागितलं आणि बाजारात दुसरं मिळालं नाही तर वाटेल त्या भावाने विकत घ्यावं लागतं. मोजकीच वॉरंटं असलेल्या कंपनीत कोणी मुद्दाम गोळा करून ठेवली तर शॉर्टवाल्यांची मान अडकते.
तीन: कंपनी मुदत वाढवू शकते. 'आता कागद होणार' म्हणून शॉर्ट केलेल्या वॉरंटात एका घोषणेत जीव येतो. करारपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय हात लावू नये.
चार: शॉर्ट विक्रीचे १४०० डॉलर तुमच्या खिशात येत नाहीत. त्या काळात ते ब्रोकरकडे अडकून राहायचे आणि त्यांवरचं व्याज ब्रोकर खायचा. परताव्याचं गणित अडकलेल्या सगळ्या भांडवलावर करा, मग ते निम्म्याने गोड लागतं.

उणे_अधिक

@घासाघीस, चारही मान्य. पहिल्याचा इलाज पुस्तकातच होता: शेअर चढला की शेअर वाढवा, पडला की कमी करा. आज त्याला डेल्टा-हेज म्हणतात.

वरच्याच उदाहरणात शेअरची वार्षिक अस्थिरता (भाव किती हेलकावतो ते) ३५ टक्के आणि व्याजदर ५ टक्के धरला, तर ब्लॅक-शोल्सने वॉरंटची किंमत साधारण ४ डॉलर येते आणि डेल्टा (शेअर एक डॉलर हलला की वॉरंट किती हलतं) ०.६५. बाजार ७ डॉलर देतोय, म्हणजे जवळपास ७० टक्के अस्थिरता धरून चाललाय. आता २०० × ०.६५ = १३० शेअर. आपण घेतले १००. म्हणजे वरची मांडणी तटस्थ नाही, ३० शेअर मंदीकडे झुकलेली आहे. तटस्थ राहायचं तर १३० घ्या. उद्या शेअर ३० वर गेला आणि वर्ष शिल्लक असेल, तर डेल्टा ०.९३ होतो आणि १८६ शेअर लागतात. १०० वरच बसून राहिलात तर प्रत्येक डॉलरच्या चढाला ८६ डॉलर जातात.

किती वेळा जुळवायचं हा खरा व्यवहारातला प्रश्न. रोज जुळवलं तर दलाली आणि खरेदी-विक्रीतली दरी खाऊन टाकते, महिन्याने जुळवलं तर मधल्या उड्या खातात. सुरुवातीला सात विरुद्ध चार इतकी मोठी तफावत असल्यामुळे ढोबळ जुळवाजुळव चालून गेली. तफावत २० सेंटवर आल्यावर तोच ढोबळपणा तोट्यात गेला असता.

कंसातला

सूत्र त्याला १९६७ मध्ये मिळालं होतं म्हणजे नक्की काय मिळालं होतं? इथे बरेचदा 'ब्लॅक-शोल्सच्या सहा वर्षं आधी' असं ठोकून दिलं जातं, म्हणून विचारतो.

उणे_अधिक

योग्य शंका. स्प्रेंकल, बोनेस वगैरेंनी आधीच असं सूत्र मांडलं होतं: शेअर लॉगनॉर्मल पद्धतीने (भावाचा लॉगॅरिदम घंटाकृती वितरणात) वाढतो धरा, मुदतीअखेर वॉरंट सरासरी किती देईल ते काढा, आजच्या किमतीला आणा. अडचण दोन अज्ञातांची. शेअर कोणत्या दराने वाढणार, आणि वॉरंटची रक्कम कोणत्या दराने आज आणायची? दोन्ही कोणालाच माहीत नसतात.

थॉर्पने विचार केला की हेज नीट असेल तर शेअरच्या वाढीचा दर उरतच नाही, मग दोन्ही जागी बिनजोखमीचा व्याजदर टाकून बघू. टाकला. जे आलं ते ब्लॅक-शोल्सचंच सूत्र. पण ते 'असंच असायला हवं' या पायरीवर होतं. ब्लॅक, शोल्स आणि मर्टनने दाखवलं की सतत जुळवलेलं हेज बिनजोखमीचं असतं, म्हणून त्याचा परतावा व्याजदराएवढाच असावा लागतो, नाहीतर फुकटचा नफा शिल्लक राहतो. ब्लॅक-शोल्सच्या निबंधात थॉर्प-कॅसूफचा उल्लेख आहे आणि नेमकं हेच म्हटलंय: हेजचं गुणोत्तर काढलं, पण समतोलात त्या हेजचा परतावा किती असायला हवा हे धरून पुढे गेले नाहीत.

गणिताच्या हिशेबात श्रेय सिद्धतेला. नोबेल मिळालं तेही (१९९७, मर्टन आणि शोल्सना, ब्लॅक १९९५ मध्येच गेले होते) बरोबरच आहे.

त्रिज्या

मला इथे थॉर्पची बाजू घ्यावीशी वाटते. वॉरंट-हेज छापलं तेव्हा तो स्वतःच्या पैशाने खेळत होता. १९६९ मध्ये फंड निघाला, त्यात दुसऱ्यांचे पैसे आले. गुंतवणूकदारांचं हत्यार चव्हाट्यावर मांडणं हा त्यांचा विश्वासघातच झाला असता. हातचं राखून ठेवणं विद्यापीठाच्या रिवाजात बसत नसेल, पण फंडाच्या रिवाजात तेच बसतं.

घासाघीस

माफ करा, पण हे फार सोयीचं झालं. सूत्र १९६७ चं, फंड नोव्हेंबर १९६९ चा. मधली दोन वर्षं कोणाचा विश्वासघात होत होता?

आणि राखून ठेवून किती टिकलं तेही बघा. १९७३ मध्ये ब्लॅकने स्वतःच छपाईआधीची प्रत थॉर्पला पाठवली. शिकागोचा बाजार उघडल्यावर काही महिन्यांत सगळे तेच सूत्र वापरायला लागले. गुपितापेक्षा तयारी कामाला आली. बाजार उघडला तेव्हा किंमत काढणारे प्रोग्रॅम, हेजची गुणोत्तरं, सौदे टाकायची व्यवस्था, सगळं प्रिन्स्टन न्यूपोर्टकडे आधीच चालू होतं. जून १९७७ मध्ये शिकागोला पुट (ठरल्या भावाने शेअर विकायचा हक्क) आले. अमेरिकन पुट मुदतीआधी वटवता येतो, म्हणून त्याला बंदिस्त सूत्रच नाही, संगणकावर टप्प्याटप्प्याने सोडवावं लागतं. तेही त्यांच्याकडे तयार.

हातचा_एक

घासाघीस यांचा दोन वर्षांचा मुद्दा बिनतोड आहे. माझं मत तरीही असं की थॉर्प छापायचा ते 'हे शक्य आहे' याचा पुरावा, आणि झाकायचा ती नेमकी मापं. ब्लॅकजॅकमध्ये दोन्ही छापली, कारण मापांशिवाय पुराव्यावर कोणी विश्वास ठेवला नसता.

आता केलीकडे वळू. पैज केवढी लावायची हा भाग पुस्तकांमध्ये अर्ध्या पानात उरकतात.

त्रिज्या

केली: सरशी भागिले देणं (जिंकल्यावर पैजेच्या किती पट मिळतं). बरोबरीची पैज, जिंकायची शक्यता ५१ टक्के, तर सरशी २ टक्के, म्हणून भांडवलाच्या २ टक्के लावा. शेअरबाजारात (परतावा − व्याजदर) ÷ अस्थिरतेचा वर्ग. व्याजापेक्षा ६ टक्के जास्त परतावा, अस्थिरता २० टक्के, तर ०.०६ ÷ ०.०४ = १.५. म्हणजे भांडवलाच्या दीडपट. निम्मं भांडवल आणखी उधार घ्या.

इथेच थांबा. कारण हा ६ टक्के कुठून आला? २५ वर्षांच्या माहितीवरून सरासरी काढली तर तिची प्रमाण त्रुटी २० ÷ √२५ = ४ टक्के. खरा आकडा ३ असला तरी माहितीत ६ दिसणं अगदी सहज शक्य. आणि खरा ३ असेल तर योग्य माप ०.७५. आपण १.५ लावलं, म्हणजे योग्य मापाच्या बरोबर दुप्पट. दुप्पट केलीवर दीर्घकालीन वाढ किती? व्याजाच्या वर शून्य. सगळी धडधड सोसायची आणि हाती मुदत ठेवीएवढं.

म्हणून अर्धी केली. केलीचा 'क' पट हिस्सा लावला तर वाढ क × (२ − क) पट. अर्ध्याला ०.७५. वाढ पाऊणपट, चढउतार निम्मे. भांडवल कधीतरी आजच्या निम्म्यावर येण्याची शक्यता: पूर्ण केलीत ५० टक्के, अर्ध्या केलीत ०.५ चा घन, म्हणजे साडेबारा टक्के. इतकी स्वस्त सुरक्षितता वित्तशास्त्रात दुसरीकडे मिळत नाही. हे सगळं सतत जुळवणूक आणि उड्या नसलेला बाजार धरून. उड्या असतील तर आणखी कमी लावा.

कंसातला

अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसनचा याला कडाडून विरोध होता हेही नोंदवायला हवं. १९७९ मध्ये केलीविरुद्ध त्यांनी एक अख्खा निबंध एकाच उच्चाराच्या ('सिलॅबल'च्या) शब्दांत लिहिला, शेवटचा एक शब्द सोडून, जणू समोरच्याला मोठे शब्द झेपणार नाहीत. मुद्दा मात्र खरा होता: वाढ सगळ्यात जास्त म्हणजे प्रत्येकाच्या दृष्टीने सगळ्यात चांगलं, असं होत नाही. ज्याला पाच वर्षांनी मुलीच्या शिक्षणाची फी भरायची आहे त्याला 'दीर्घकाळात' हा शब्द कामाचा नाही.

मु_पो_डोंबिवली

अवांतर: मग मांडवीतल्या जहाजांवर ब्लॅकजॅक मोजून होईल का गोव्याच्या सहलीचा खर्च वसूल?

घासाघीस

अवांतराला अवांतर उत्तर: सहा-आठ कॅट एकत्र, निम्मे वाटून झाल्यावर पिसणं, आणि ब्लॅकजॅकला दीडपटीऐवजी १.२ पट (पाचाला सहा) देणं, यांतल्या प्रत्येकाने मोजणाऱ्याची सरशी घटते, तिन्ही एकत्र आलं तर जवळपास मरते. वापरलेले पत्ते लगेच परत घेणारं यंत्र असेल तर मोजायला काही उरतच नाही. त्याऐवजी जेवण करा आणि परत या.

उणे_अधिक

धाग्यावर परत. १९८७ ची पडझड हा माझ्या मते थॉर्पच्या पद्धतीचा सगळ्यात चांगला नमुना, आणि त्यात सूत्र कुठेच नाही.

२० ऑक्टोबर १९८७, पडझडीच्या दुसऱ्या दिवशी एस अँड पी निर्देशांक २२० च्या आसपास आणि त्याचे फ्युचर (पुढच्या तारखेला ठरल्या भावाने घ्यायचा करार) १८५ ते १९०. एरवी ही तफावत एखाद-दोन अंकांची. फ्युचर घ्यायचं, शेअर शॉर्ट करायचे, दोन्ही भाव जुळले की ३० अंकांचा नफा. मग सगळे का करत नव्हते? कारण शॉर्टला अपटिकचा नियम: आधीच्या भावापेक्षा चढ्या सौद्यावरच शॉर्ट करता येतं. कोसळत्या बाजारात चढे सौदे येणार कुठून? शेअर शॉर्ट झालेच नाहीत तर हाती नुसतं फ्युचर उरतं.

थॉर्पने सांगितलं: ५० लाखांचं फ्युचर घ्या, आणि शेअर ५० लाखांचे नव्हे, १ कोटीचे शॉर्टला लावा. निम्मेच लागतील हा अंदाज. आता हिशेब करा. ५० लाखांवर १४ टक्के तफावत म्हणजे सुमारे ७ लाखांचा आधार. पाव शॉर्ट लागले तर २५ लाख उघडे राहतात तेजीकडे, पाऊण लागले तर २५ लाख मंदीकडे. दोन्हीकडे हा आधार खलास व्हायला बाजार उलट दिशेने २८ टक्के हलायला हवा. सगळेच्या सगळे लागले तर ५० लाख मंदीकडे उघडे, तेव्हा १४ टक्क्यांची चढण घातक. नेमकी ५० लाखांची ऑर्डर टाकली असती तर ती निम्मी लागून २५ लाख कायम उघडे राहिले असते. अंदाजे निम्मे लागले आणि हेज जवळपास जुळलं.

कंसातला

वा! हा हिशेब आधी असा वाचला नव्हता.

दोन महिन्यांनी, डिसेंबर १९८७ मध्ये प्रिन्स्टनच्या कार्यालयावर सरकारी छापा पडला. करांसाठी दाखवलेल्या शेअर-व्यवहारांवरून तिकडच्या भागीदारांवर रिको कायद्याखाली (मुळात संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा) खटला झाला. थॉर्पवर आरोप नव्हता. शिक्षांचा मोठा भाग पुढे अपिलात रद्द झाला, पण तोवर फंड बंद झालेला. गणित आणि सौद्यांचा कारभार सुमारे ४ हजार किलोमीटरच्या अंतराने विभागण्याची ही दुसरी बाजू.

अर्धवट_अमिबा

एमएस्सी गणित करतोय, दुसरं वर्ष. घरबसल्या काय करून बघता येईल? वॉरंट आपल्याकडे चालतील?

घासाघीस

@अर्धवट_अमिबा, वॉरंट विसर. आपल्याकडची बहुतेक वॉरंटं प्रवर्तकांना किंवा निवडक गुंतवणूकदारांना प्राधान्य वाटपात दिलेली असतात, २५ टक्के रक्कम आधी आणि १८ महिन्यांत बाकीची. बाजारात ती मिळत नाहीत, मग शॉर्ट कुठून करणार?

थॉर्पच्या पुढच्या टप्प्याकडे बघ. १९७९-८० मध्ये त्याच्या गटाला दिसलं की गेल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त चढलेले शेअर पुढे जरा मागे पडतात, सगळ्यात जास्त पडलेले सावरतात. पडलेले घ्या, चढलेले शॉर्ट करा. परतावा चांगला होता, पण चढउतार फार, म्हणून तेव्हा बाजूला ठेवलं. मॉर्गन स्टॅनलीत जेरी बँबर्गरने स्वतंत्रपणे हेच शोधलं, पण एक सुधारणा करून: शेअर उद्योगांनुसार गटांत टाकायचे आणि प्रत्येक गटात शॉर्ट आणि खरेदी सारखी ठेवायची. तेल कंपन्या सगळ्या एकदम पडल्या तर तो संकेत धरायचा नाही, त्यांच्यातली एकच जास्त पडली तर धरायचा. पुढे बँबर्गर थॉर्पकडेच आला. तिथून थॉर्पने उद्योगांच्या जागी संख्याशास्त्राने काढलेले घटक वापरले.

हे तू एनएसईच्या रोजच्या भावकॉपीवर करू शकतोस. पण पाय कुठे अडकतील ते ऐक. भावकॉपीतले भाव बोनस आणि स्प्लिटसाठी जुळवलेले नसतात. एकास एक बोनस झाला की शेअर ५० टक्के पडलेला दिसतो, आणि तुझा प्रोग्रॅम जिथे पडझडच नाही तिथे खरेदी सांगतो. आजच्या निर्देशांकातले शेअर घेऊन मागची दहा वर्षं तपासलीस तर बुडालेल्या कंपन्या आधीच वगळल्या गेल्या. शेवटचा सौदा विकणाऱ्याच्या भावाला झाला की खरेदीदाराच्या, एवढ्यानेच एका दिवसाचा 'सावरला' असा भास होतो. पडताळताना संकेतानंतर एक दिवस सोडून पुढचा भाव घे. आणि रोखीतला शॉर्ट त्याच दिवशी मिटवावा लागतो. रात्रभर ठेवायचा तर शेअरचं फ्युचर किंवा शेअर-उधारीची एसएलबी व्यवस्था. म्हणजे शॉर्टची बाजू फ्युचर असलेल्या शेअरांपुरतीच. हे धरल्याशिवाय काढलेला परतावा कागदावरच राहील.

त्रिज्या

यात थॉर्पचंच एक जोड काम लक्षात ठेव. १९९१ मध्ये एका गुंतवणूकदारासाठी त्याने बर्नी मेडॉफचे हिशेब तपासले. सूत्र नव्हतं, नुसती ताळेबंदी. सौद्यांच्या पावत्या घेतल्या, त्या-त्या दिवशी त्या ऑप्शनमध्ये बाजारात प्रत्यक्ष किती उलाढाल झाली ते मिळवलं, शेजारी ठेवलं. कित्येक ठिकाणी बाजारात सौदाच नव्हता, किंवा एकूण उलाढालच मेडॉफने दाखवलेल्यापेक्षा कमी. पैसे काढून घ्या म्हणाला. घोटाळा जगाला कळला डिसेंबर २००८ मध्ये. तुझ्या प्रोग्रॅमलाही हाच प्रश्न विचार: मी दाखवतोय तेवढे शेअर त्या दिवशी त्या भावाला मिळाले असते का?

अर्धवट_अमिबा

दोघांचे आभार. शेवटचा प्रश्न: किती वर्षं पडताळल्यावर 'हे खरं आहे' म्हणायचं?

उणे_अधिक

शार्प गुणोत्तराला (व्याजावरचा वार्षिक परतावा ÷ अस्थिरता) वर्षांच्या वर्गमुळाने गुण. उत्तर २ च्या वर हवं. शार्प २ असेल तर एक वर्ष पुरतं, १ ला चार वर्षं, ०.५ ला सोळा. हेही एकच कल्पना तपासली असेल तर. वीस तपासून सगळ्यात चांगली उचलली असेल, तर २ ऐवजी ३ च्या वर धर. आणि सोळा वर्षं लागणारी पद्धत असेल तर मधे नियमच बदलतात. १९३८ पासूनचा अपटिकचा नियम २००७ च्या जुलैत गेला, आणि पुढच्याच महिन्यात, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, घासाघीस यांनी वर सांगितलेली चढलेले-पडलेले पद्धत वापरणारे बरेच फंड तीन दिवस एकदम तोट्यात होते, कारण सगळ्यांकडे तेच शेअर होते आणि कोणीतरी मोठा आधी विकायला निघाला. त्या तीन दिवसांची माहिती मिळव आणि तुझी पद्धत तिच्यावर चालवून बघ.